‘पोराला विचारलं का?’ हे आधी बंद करा

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतले बँकांचे शाखाधिकारी, पोस्टमास्तर, दुय्यम निबंधक, ग्राम महसूल अधिकारी आणि उपविभागीय अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वय 72. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. पेन्शन वेळेवर येते, राहायला घर आहे आणि दोन्ही मुलं चांगली आहेत. मुलं चांगली आहेत हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढं मी जे मागणार आहे ते वाचताना तुमच्या मनात पहिली शंका तीच येणार.

म्हातारं माणूस तुमच्या टेबलापुढं येऊन म्हणालं, की माझ्यामागं माझा पैसा अमक्याला मिळू द्या, तर त्याला दोन प्रश्न ऐकावे लागतात. पहिला, ‘पोराला विचारलं का?’ त्यावर ते गप्प राहिलं तर दुसरा, ‘का, पोरं बघत नाहीत का?’ पहिल्या प्रश्नात पैसा त्याचा नाही, पोराचा आहे, असं धरलेलं असतं. दुसऱ्यात, पोरं वाईट निघाली तरच म्हाताऱ्याला वेगळं काही ठरवता येतं, असं धरलेलं असतं. या दोन्ही समजुतींना कायद्यात आधार नाही. पण तुमच्या कचेऱ्यांत रोजचा कारभार त्यांच्यावरच चालतो, आणि त्याची किंमत ज्यांना बोलता येत नाही ती माणसं मोजतात. म्हणून हे पत्र.

आधी माझं सांगते, म्हणजे मी ऐकीव बोलत नाही हे कळेल.

माझी नणंद माझ्याहून थोडी लहान. लग्नानंतर लवकरच नवऱ्यानं तिला नांदवायचं सोडलं आणि ती माहेरी आली ती कायमची. सोडचिठ्ठी झाली नाही, पोटगीही मागितली नाही. त्या काळी आमच्याकडं कोण मागत होतं? मी शाळा गाठायला एसटी स्टँडकडं पळायची तेव्हा माझी दोन्ही लेकरं तिच्या जवळ असायची. रानातलं खुरपण तिनं केलं, कापूस वेचला, सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचं अंथरुणातलं सगळं तिनंच काढलं. मला पगार होता, तिला नव्हता. घर दोघींच्या कष्टावर चाललं. आज माझ्या नावावर ठेवी आहेत, आणि तिच्या पासबुकात सरकारी अनुदानाशिवाय दुसरं काही नाही. तेव्हा मी ठरवलं, की एका मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव आहे ते काढून तिचं लावायचं.

बँकेतला काउंटरवरचा मुलगा नम्र होता. खुर्ची दिली, पाणी हवं का विचारलं. फॉर्मवरचं नाव वाचून म्हणाला, ‘बाई, पोराला विचारलं का?’ मी म्हणाले, सांगितलंय. तो आत गेला. साहेब बाहेर आले. ‘मॅडम, उद्या भानगड नको. मुलाचं ना-हरकत लिहून आणा, लगेच करून देतो.’ हा नियम कुठं लिहिलाय, असं मी विचारलं. ‘नियम नाही हो, पण आपलं बरं असतं.’ फॉर्म परत माझ्या पिशवीत आला. संध्याकाळी थोरल्याला फोनवर सांगितलं तर तो माझ्याहून जास्त चिडला. दुसऱ्या दिवशी त्यानं शाखेत फोन लावला, आणि दुपारपर्यंत मला निरोप आला, या, काम होऊन जाईल. झालंही. ज्या बाईच्या सहीवर शाळेतल्या हजारो पोरांचे दाखले निघाले, तिची सही तिच्या स्वतःच्या ठेवीला पुरली नाही, आणि मुलाचा नुसता फोनवरचा आवाज पुरला. इतका अपमान मला नोकरीत कधी वाटला नव्हता. त्या शाखेचं नाव मी लिहीत नाही. ते साहेब वाईट माणूस नाहीत, आणि हे दुसऱ्या कुठल्याही शाखेत झालं असतं.

नॉमिनी लावणं, बदलणं, काढून टाकणं हा खातेदाराचा एकट्याचा हक्क आहे. त्याला आधीच्या नॉमिनीची संमती लागत नाही, बायकोची लागत नाही, मुलाची लागत नाही. सही करता येत असेल तर साक्षीदारही लागत नाही. अंगठा असेल तर दोन साक्षीदार. नॉमिनी रक्ताच्या नात्यातलाच हवा असाही बँक ठेवींना नियम नाही. उलट 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. म्हणजे सरकारनं दार आणखी उघडलं. निम्मं लेकाला, पाव लेकीला, पाव नणंदेला, असं एका फॉर्मवर लिहून देता येतं. हा बदल किती शाखांत म्हाताऱ्या खातेदारांना कुणी समजावून सांगितला? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना माहीत नव्हता.

आणि ज्येष्ठांना अर्धवट सांगून पाठवू नका, ही दुसरी विनंती. नॉमिनी लावला म्हणजे पैसा त्याचा झाला, असं आमच्याकडं सगळे समजतात. सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या बाबतीत डिसेंबर 1983 मध्ये (विम्याचा नियम 2015 च्या दुरुस्तीनं जवळच्या नातलगांपुरता बदलला) आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय, की नॉमिनी हा पैसे हातात घेणारा विश्वस्त. शेवटी मालक वारस, किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे तो. म्हणून मनातलं खरोखर व्हायचं असेल तर नॉमिनीबरोबर मृत्युपत्रही पाहिजे. मी ते केलं. ते करताना मला एक गोष्ट कळली, जी मला रात्रभर झोपू देईना. माझ्या नणंदेला मी जे देईन, ते ती मृत्युपत्र न करता गेली तर कुणाला जाईल? हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे बाईची मिळकत पहिल्यांदा मुलांना आणि नवऱ्याला जाते. तिला मूल नाही. सोडचिठ्ठी झालेली नाही. म्हणजे ज्या माणसानं तिला ऐन तारुण्यात घराबाहेर काढलं, तोच कागदावर तिचा पहिला वारस, आणि तो नसला तर त्याचे वारस. मी तिला समोर बसवून हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘वहिनी, माझं बी लिहून टाका.’ तिचंही लिहिलं.

मराठवाड्यात अशा टाकलेल्या बायका गावोगावी आहेत. भावाच्या घरी राबतात, निराधार योजनेचे पैसे घेतात, आणि त्यांच्या नावावर चार पैसे असले तर ते कुणाला जातील हे त्यांना कुणी सांगत नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्यांनो, तुम्ही यादीवर त्यांची नावं घेता, दाखले देता. पाच मिनिटं जास्त द्या आणि एवढं सांगा.

मी शिकलेली, वाद घालू शकणारी बाई. आता जी वाद घालू शकत नाही तिच्याकडं या. आठवडी बाजारच्या दिवशी मी बँकेबाहेरच्या ओट्यावर बसते आणि लोकांचे फॉर्म भरून देते. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागांतली निम्मी गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हे तुम्हाला माहीत आहे. अशीच एक आजी, आयुष्यभर फडात मोळ्या बांधलेली. मशीनवर तिचा अंगठा लागत नव्हता. पाचटानं आणि कोयत्याच्या मुठीनं बोटावरच्या रेषा झिजून गेलेल्या. नातवानं तिचं मनगट धरलं, अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, मशीनवर दाबला. नाही लागला. पुन्हा पुसला, पुन्हा दाबला. शेवटी मशीन बोललं. नोटा निघाल्या त्या सरळ नातवाच्या हातात. आजीनं विचारलं, ‘किती आले रं?’ ‘आले तितके आले, चल.’ श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये ते. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नातवाचा, एटीएम कार्ड नातवाच्या खिशात. तिच्या खात्यात पैसा पडला हे तिच्या आधी त्याला कळतं, आणि तिला कधी कळतच नाही. ओट्यावरून उठताना ती मला हळूच म्हणाली, ‘धाकटीच्या लेकराला काही द्यावं वाटायलंय, पण सांगू कुणाला?’

तिला मृत्युपत्र नको आहे, चार नॉमिनी नकोत. जिवंतपणी, शुद्धीत, स्वतःच्या पंधराशातले शंभर-दोनशे लेकीच्या लेकराच्या हातावर ठेवायचे आहेत. एवढंही तिला करता येत नाही. नातू तिला उपाशी ठेवत नाही, मारत नाही. तक्रार करावी असं काही नाहीच. म्हणूनच कुठल्याही अर्जात ही गोष्ट बसत नाही.

शाखाधिकाऱ्यांनो, मशीनवर पैसे काढून देणाऱ्या बँक मित्रांनो, इथं तुम्हाला करता येण्यासारखं खूप आहे. पैसे खातेदाराच्या हातात द्या, बरोबर आलेल्याच्या नाही. आकडा मोठ्यानं तिला सांगा. वर्षातून एकदा विचारा, की खात्याला नंबर कुणाचा आहे, आणि तो तुमच्या मर्जीनं आहे का. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2017 मध्येच 70 वर्षांवरच्या ग्राहकांना घरपोच बँकसेवा द्यायला सांगितलंय. ती सेवा तालुक्याच्या शाखेपर्यंत नीट पोचली तर नातवाच्या फटफटीवर मागं बसून यायची तिची सक्ती कमी होईल.

मावेजाचं तर विचारूच नका. समृद्धी महामार्ग जालना आणि संभाजीनगरमधून गेला, अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेसाठी जमिनी गेल्या, महामार्ग रुंद झाले, आणि ज्या म्हाताऱ्यांनी जन्मात लाखाची नोट-बंडलं पाहिली नव्हती त्यांच्या खात्यावर लाखो रुपये पडले. पैसा पडला त्या आठवड्यात भावकी ओट्यावर. कुणाला चारचाकी पाहिजे, कुणाला तालुक्याला प्लॉट, कुणाला आडत दुकान. जमीन गेली त्या म्हाताऱ्याला मात्र कुणी विचारत नाही, की दादा, तुमच्या मनात काय आहे? एका ओळखीच्या गृहस्थांनी मला सांगितलं, की त्यांना आपल्या वाट्यातले काही पैसे गावच्या शाळेच्या खोलीला द्यायचे होते. ‘बाई, लेकरं हसले. म्हणले, अण्णाला भ्रम झालाय.’ शाळेला दान देण्याची इच्छा हा भ्रम, आणि गाडीला हप्ता भरणं हे शहाणपण, असं घरात ठरलं आणि सह्या झाल्या.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी, नाहीतर कुणी म्हणेल की मी म्हाताऱ्यांना भडकवते. सगळंच त्यांच्या मर्जीवर नसतं. हिंदू घरात वडिलोपार्जित जमिनीत मुलांचा आणि मुलींचा जन्मतः हक्क आहे. आपल्या राज्यात मुलींना तो 1994 च्या दुरुस्तीनं आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीनं मिळाला, आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पक्का केला. अशा जमिनीत, आणि तिच्या मावेजात, म्हाताऱ्याला फक्त स्वतःच्या हिश्शापुरतं ठरवता येतं. मुस्लिम ज्येष्ठांना त्यांच्या कायद्याप्रमाणे साधारणपणे एक तृतीयांश संपत्तीपर्यंतच मृत्युपत्र करता येतं. जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. या मर्यादा मला मान्य आहेत. पण पगारातून, पेन्शनमधून, मजुरीतून, स्वतः घेतलेल्या शेतातून साठवलेला पैसा ज्याचा आहे त्याचाच आहे. त्याबद्दल घरातल्या कुणाची परवानगी लागत नाही.

लेकीला द्यायचं म्हटलं की घराचं तोंड फिरतं. ‘लेकीला दिलं म्हणजे परक्याच्या घरात गेलं.’ रक्षाबंधनाला साडी, दिवाळीला भाऊबीज आणि हक्कसोडपत्रावर सही, यावर आमच्या बहिणींची बोळवण होते. आईला आतून वाटतं, की माझ्या पाटल्या लेकीला जाव्यात, माझी ठेव लेकीला जावी. ती बोलत नाही. बोलली तर शेवटच्या आजारपणात सून पाणी देईल का, ही भीती असते. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच तिची इच्छा गुप्त राहायला हवी, आणि ती गुप्त ठेवणं तुमच्या हातात आहे. नॉमिनी बदलला हे शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं बोलू नका. मुलगा ओळखीचा आहे म्हणून त्याला फोन करू नका. ‘तुझी आई येऊन गेली रे’ एवढं एक वाक्य चहाच्या टपरीवर निघालं, की त्या बाईचं घरातलं जगणं अवघड होतं.

दुय्यम निबंधक साहेब, आता तुमच्याकडं येते. तुमच्या टेबलावर जे होतं ते बँकेपेक्षा जास्त गंभीर, कारण ते परत फिरवणं फार कठीण.

आमच्याकडं म्हाताऱ्यांना सांगतात, ‘आण्णा, मृत्युपत्र करून टाकू, तुमच्यामागं भांडण नको.’ कचेरीत गेल्यावर कागद निघतो बक्षीसपत्राचा. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, त्यामुळं हा रस्ता स्वस्त पडतो. दोन्हींतला फरक जमीन-अस्मानाचा. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, आणि जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं, फाडून टाकता येतं. बक्षीसपत्र नोंदलं त्याच दिवशी मालकी जाते. म्हातारं माणूस घरी परत येतं ते दुसऱ्याच्या घरात, आणि ते त्याला सहा महिन्यांनी कळतं, जेव्हा फेरफार होऊन सातबाऱ्यावरचं नाव बदलतं.

तुमच्यापुढं दस्त येतो तेव्हा फोटो निघतो, अंगठा लागतो, ओळखदार सही करतात. आणि खोलीत सगळं घर उभं असतं. तुम्ही विचारता, ‘बाबा, मर्जीनं करताय ना?’ मागून मुलगा म्हणतो, ‘हो हो साहेब.’ बाबा मान हलवतात. दस्त कबूल. नोंदणी कायद्याचं कलम 35 तुम्हाला हजर माणसांना प्रश्न विचारायचा अधिकार देतं. तो वापरा. मुलाला, सुनेला, दस्तलेखकाला पाच मिनिटं बाहेर उभं करा. बाबांना विचारा: हा कागद कशाचा आहे? आजपासून घर कुणाचं? उद्या तुम्ही मन बदललं तर परत मिळेल का? त्यांनी स्वतःच्या शब्दांत उत्तर दिलं तर नोंद करा. ‘पोराला माहीत’ म्हणाले तर थांबा. आणि जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्यासाठी कायद्यात घरी येऊन नोंदणी करायची सोय आहे. तिथंही दार लावून एकट्याशी बोला.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात एक ओळ असू द्या: देणाऱ्याचा सांभाळ, दवाखाना आणि राहणं ही घेणाऱ्याची जबाबदारी राहील. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे, त्यातलं कलम 23 सांगतं, की अशा अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडली तर देणाऱ्याच्या मागणीवरून रद्द ठरवता येते. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की ही अट असल्याचं दिसलं पाहिजे. मग 2 जानेवारी 2025 ला त्याच न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूनं निकाल दिला: तिनं दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं, घराचा ताबा परत द्यायला सांगितला, आणि हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तो त्याच नजरेनं वाचावा, असं बजावलं. त्या आईकडं मुलानं वेगळं लिहून दिलेलं वचनपत्र होतं. आमच्याकडं किती आयांकडं असं वचनपत्र असेल? ती एक ओळ दस्तातच घातली तर पुढची कोर्टकचेरी वाचते.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. साध्या कागदावर लिहिता येतं. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा झाला आणि त्यांनीही सह्या केल्या की ते कायदेशीर. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडं ठेवायचीही सोय आहे. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये आणि त्याला लिहायलाही बसवू नये. एवढी माहिती तुमच्या कचेरीच्या भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायला काय अडचण आहे? आज तिथं शुल्काचे तक्ते आहेत, ते चष्मा लावूनही वाचता येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही मुलाला विचारतो ते म्हाताऱ्याच्या काळजीपोटीच. कुणी फूस लावून नाव बदलून नेलं तर? शेजारी, भाडेकरू, एखादा बुवा, देखभालीला ठेवलेली बाई, कुणीही असू शकतं. ही काळजी मला मान्य आहे आणि मला स्वतःलाही ती आहे. पण फूस लावणारा कोण असतो ते तुम्हीच आठवून बघा. जो रोज जवळ असतो, ज्याच्या हातात गोळ्या, जेवण आणि मोबाइल असतो, तो. बहुतेक वेळा तो घरातलाच असतो. मग घरातल्याच माणसाला विचारून म्हाताऱ्याचं रक्षण कसं होणार? भारतीय उत्तराधिकार कायद्यानं यावर 1925 मध्येच विचार केलाय. कपटानं, धाकानं, किंवा इतका तगादा लावून की माणसाची स्वतःची मर्जीच उरली नाही, अशा रीतीनं करून घेतलेलं मृत्युपत्र कलम 61 प्रमाणे रद्द. त्याच कायद्यात असंही लिहिलंय, की बहिरा, मुका किंवा आंधळा माणूस आपण काय करतोय हे समजत असेल तर मृत्युपत्र करू शकतो. वयाची वरची मर्यादा कुठंच नाही. ज्याला ऐकू कमी येतं, जो एकच गोष्ट दोनदा विचारतो, ज्याचा हात थरथरतो, त्याची अक्कल गेली असं तुम्ही कसं ठरवता? शंका वाटली तर डॉक्टरांचा दाखला मागा. पोराची सही मागू नका.

काळजी आणि हक्क या दोन्हींना पुरणारी एकच रीत मला दिसते: माणसाशी एकट्यानं बोलणं. फूस लावणारा परका असो की पोटचा, दोघंही दाराबाहेर जातात.

उपविभागीय अधिकारी साहेब, 2007 च्या कायद्याचं न्यायाधिकरण म्हणजे तुम्ही. वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मिळतो, निकालाला 90 दिवसांची मुदत आहे. हे सगळं चांगलं आहे. लातूर जिल्हा परिषदेनं 2020 मध्ये ठरवलं, की आई-बापाला न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून 30 टक्के कापून त्यांच्या खात्यात टाकायचे; मराठवाड्याच्या जिल्हा परिषदेनं असं पाऊल उचललं याचा मला अभिमान वाटला. पण तुमच्या दारात येणाऱ्या माणसाला आधी आपलं लेकरू वाईट आहे हे चारचौघांत सिद्ध करावं लागतं. आमच्या गावाकडची आई ते करत नाही. ती पोटाला चिमटा घेईल, पण लेकराविरुद्ध अर्ज देणार नाही. तिला भांडायचं नाही, तिला आपल्या पैशाचं ठरवायचं आहे. तेव्हा तुमच्या कचेरीनं तक्रार व्हायच्या आधी तिच्यापर्यंत जावं. तालुक्यातल्या बँका, दुय्यम निबंधक आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांना एकत्र बसवा आणि लेखी सूचना काढा: 60 वर्षांवरच्या व्यक्तीनं नॉमिनी बदलला, मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र नोंदलं, मोबाइल नंबर बदलला, तर तिच्याशी एकांतात बोलल्याची नोंद ठेवावी, आणि कुटुंबीयांचं ना-हरकत मागू नये. नवा कायदा त्यासाठी लागत नाही. ज्येष्ठांसाठीचा 14567 हा फोन नंबरही प्रत्येक शाखेत आणि कचेरीत दिसेल असा लावा.

माझ्या मुलांनी हे पत्र वाचलंय. धाकट्यानं एकच विचारलं, ‘आई, आत्याचं नाव लावलंस ते आम्हाला न सांगता लावलं असतंस तरी चाललं असतं की.’ चाललं असतं हे मलाही माहीत आहे. बँकेला माहीत नव्हतं.

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही सगळे पेन्शनर तुमच्या शाखांत रांगा लावतो. काठ्या, पिशव्या, पासबुकं घेऊन, एकाच महिन्यात, तुमच्याच दारात. येत्या नोव्हेंबरात दाखल्याचा कागद घेताना प्रत्येकाला, बरोबर आलेल्याला बाजूला बसवून, तीन गोष्टी विचारा: खात्याला नंबर कुणाचा, नॉमिनी कोण, आणि तेच नाव ठेवायचंय की बदलायचंय. बदलायचंय म्हणाले तर फॉर्म तिथंच द्या, तिथंच भरून घ्या, आणि पोचपावती त्यांच्याच हातात द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
बीड जिल्हा